काकूंचं तोंड

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला एकदा आमच्या वर्कशॉपमध्ये आणून बसवा. इथे पाच माणसांची पोटं दात कोरूनच भरतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही कवळ्या करून परत पाठवतो. मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो तो चुना. त्याचं खरं नाव त्यालाही आठवावं लागत असेल. साच्यावर गुलाबी मेण चढवून त्यात एकेक दात बसवायचा, हे काम माझं. दातांचा रंग जुळवते ती रंगारीण. पांढऱ्याच्या सोळा छटा असतात आणि तिला त्या पाठ आहेत. शेवटी घासून-पुसून चकचकीत करतो तो घोट्या. आणि सगळ्यांच्या वर सर, ज्यांचं मुख्य काम फोनवर "उद्या नक्की" म्हणणं.

मला मोजपट्टी म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं. लोकांना वाटतं, जी बघत नाही ती ऐकतही नसेल.

मला ऑटिझम आहे. कळलं छत्तिसाव्या वर्षी. आता मी बेचाळीस. त्याआधी छत्तीस वर्षं मी शिष्ट होते, घुमी होते, माणूसघाणी होते, 'हिला जरा वळण लावा' होते. डॉक्टरांचा कागद हातात आला आणि एका दिवसात सगळे गोड झाले. "पण तू तशी वाटत नाहीस हं!" असं म्हणतात आणि शाबासकी दिल्यासारखं हसतात. तशी म्हणजे कशी, असं विचारलं की दातखीळ बसते. तशी न वाटण्यासाठी मी दिवसभर किती रक्त आटवते, ते कुणी विचारत नाही.

आणखी एक थाप. या लोकांना म्हणे माणसं नकोच असतात, आपल्याच जगात सुखी असतात. ही थाप ज्याने पहिल्यांदा मारली त्याचा जबडा मला साच्यात बघायचाय. मला माणसं हवी असतात. मला गोंगाट नको असतो, एकाच वेळी चार तोंडं नको असतात, पोटात एक आणि ओठांवर एक नको असतं. एवढं सगळं वजा केलं की माणूस फार थोडा उरतो, हे खरं. पण तेवढा तरी हवा असतो. रविवारी दुपारी दादा आणि वहिनी त्यांच्या मित्रांकडे जातात. "तुला कंटाळा येईल गं तिथे," वहिनी दारातून सांगते. मग मी वरच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसते. तेव्हा छातीत जे होतं त्याला शांतता म्हणत नाहीत. ती भूक असते. उपाशी माणसापुढून "तुला खायला आवडत नाही ना" म्हणत ताट उचलून न्यावं, तसं ते असतं.

तेवढा माणूस मला मिळाला होता. एकच. रंगारीण.

जेवायची सुट्टी एक ते दीड. खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर सर, चुना आणि घोट्या बसायचे. मी मागे, मेणाच्या कपाटाशेजारच्या छोट्या टेबलावर. अकरा वर्षांपूर्वी ती नवी होती तेव्हा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बसू का इथे?"

"बस. पण बोलावं लागेल का?"

खिडकीजवळचे खो-खो हसले. ती नाही हसली. म्हणाली, "मुळीच नाही. घरी चार तोंडं चोवीस तास चालू असतात, माझे कान किटलेत. तू गप्प बसणार असशील तर मी रोज इथेच."

आणि रोज तिथेच. कधी बोलायचीसुद्धा, पण बोलली तर सरळ. "आज माझं डोकं फिरलंय, माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणायची. "मी कधीच बघत नाही," मी म्हणायचे. "म्हणून तर," ती म्हणायची. माझ्या डब्यात रोज दोन उकडलेली अंडी आणि काकडी. अकरा वर्षांत तिने एकदाही 'तेच तेच खाऊन कंटाळत नाहीस का' असं विचारलं नाही. एकदा मात्र अंडी नव्हती, नुसती काकडी होती. मी झाकण उघडलं आणि ती म्हणाली, "काय झालं?" वहिनी आदल्या दिवसापासून दवाखान्यात होती. दादासुद्धा विसरला होता की घरात मीही आहे. आणि हिला माझ्या डब्यावरून माझी खबर कळली. यापेक्षा जास्त माणूस मला नको होता, खरंच नको होता.

काकू म्हणजे तिची आई. चार वर्षांपूर्वी काकूंचे उरलेसुरले दात काढले तेव्हा कवळी आमच्याकडेच झाली. एरवी आम्हाला पेशंट दिसत नाही, नुसता जबडा येतो. काकू मात्र मुलीबरोबर थेट वर्कशॉपमध्ये आल्या, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या, मेणात बसवलेले दात तोंडात घालून आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुणाचे दात आहेत?"

"तुमचे."

"छे! हे बातम्या सांगणाऱ्या बाईचे आहेत. सगळे कसे एका रांगेत. माझा डावा पुढचा जरा वाकडा होता. शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला, आळशी."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती मिलिमीटर?"

काकू इतक्या हसल्या की खालचा जबडा हातात आला. "अगं, आपलाच दात, तो कोण मोजत बसतं? तू फिरव, मी सांगते."

मी मेण गरम करून दात फिरवला. पाव. त्या आरशात बघून 'अंहं' म्हणाल्या. अर्धा. 'अंहं.' पाऊणवर त्या थांबल्या, ओठ मिटले, उघडले, आणि म्हणाल्या, "हां. आले मी."

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बाकीचे अशा वेळी दुखावतात, नाहीतर दया करतात. दोन्हींत मला दयेचा जास्त राग येतो. काकू म्हणाल्या, "डोळ्यांत बघायला नको होतं ना तुला? मग तोंडात बघ. कामच आहे तुझं." पुढे त्या दर महिन्या-दोन महिन्यांनी कवळी टोचते म्हणून यायच्या. मी तपासायचे. कुठेच टोचत नव्हती. तसं एकदा सांगितलंही. "माहितेय मला, गप्प बस," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर अर्धा तास बसून राहिल्या. मी माझं काम करत होते, त्या बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "छान झाल्या हं गप्पा." टोमणा नव्हता. मी रंगारीणला विचारून खात्री करून घेतली.

म्हणजे एक नव्हे, दीड माणूस होता मला.

काकू गेल्या त्या सोमवारी. छातीत पाणी झालं होतं, नऊ दिवस दवाखान्यात होत्या. दुपारी रंगारीणचा फोन आला. मला फोन सोसत नाही हे तिला माहीत आहे, ती कधी करत नाही. म्हणूनच मी उचलला.

"आई गेली गं."

मग ती म्हणाली, "नळी घालताना तिची कवळी काढून ठेवली होती. ती कुठे गेली, कुणाला पत्ता नाही. सगळे हात वर करतात. आई बोळक्या तोंडाने गेली. गाल आत, ओठ आत. ती आई नव्हतीच, दुसरीच कुणी म्हातारी होती. मला एकदा तिचं तोंड बघायचं होतं गं. तिचं स्वतःचं. एकदाच."

आणि फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा. जन्मभर मला सांगून झालंय, लोक काय बोलतात ते नीट ऐक. मी ऐकलं. माझ्या मैत्रिणीला तिच्या आईचं तोंड बघायचं होतं. ते दवाखान्याकडे नव्हतं, फोटोवाल्याकडे नव्हतं, देवाकडेही नव्हतं. माझ्याकडे होतं.

कवळी तयार झाली की साचा फोडूनच ती बाहेर काढावी लागते. म्हणून मी प्रत्येकाचा दुसरा साचा ओतून ठेवते. उद्या कवळी मोडली तर त्या माणसाला परत मापाचा त्रास नको. सर ओरडतात, "हे वर्कशॉप आहे का म्युझियम?" ओरडू देत. काकूंचा साचा तिसऱ्या फळीवर होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बसले. दोन्ही जबडे, नवं मेण, त्याच मापाचे दात, तीच छटा. ती चार वर्षांपूर्वी रंगारीणनेच निवडली होती. डावा पुढचा पाऊण मिलिमीटर. सात वाजता वरचा जबडा खालच्यावर मिटला आणि टेबलावर काकू होत्या. आता काहीतरी बोलतील, अशा होत्या.

मी रडले. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे कुणी विचारलं नाही. माझं दीडातलं अर्धं माणूस गेलं होतं. पण भेटायला मी जायचं होतं. मला भेटायला कोण येणार?

वहिनी सज्जन आहे. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी तिने मला पढवलं. "जायचं. 'फार वाईट झालं' म्हणायचं. दहा मिनिटं बसायचं. निघायचं. कशाने गेल्या, किती वाजता गेल्या, असं काही विचारायचं नाही. त्यांच्या घड्याळाची वेळ चुकली असेल तर चुकू दे. कळलं?"

"कळलं."

"पिशवीत काय आहे?"

"तिला हवं होतं ते."

"बरं केलंस," वहिनी म्हणाली. तिला वाटलं, खाण्याचं काहीतरी असेल. तिने पिशवी उघडून बघितली असती तर ही गोष्ट झालीच नसती. तिला मी दोष देत नाही. पण ती स्वतः देते, अजून.

खोलीत दहा-बारा माणसं होती. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात काकूंचा फोटो, आणि सगळे असे बसलेले की जणू हलल्याचा दंड आहे. रंगारीण मधल्या कोचावर होती, एका बाजूला तिची धाकटी बहीण, दुसऱ्या बाजूला मामा. काकूंचे भाऊ ते. मी सरळ तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, "फार वाईट झालं."

तिने मान हलवली. इथपर्यंत बरोबर चाललं होतं.

मग मी पिशवीतून डबा काढला, डब्यातून कापूस बाजूला केला आणि काकूंचं तोंड तिच्या मांडीवर ठेवलं. "हे घे. तुला बघायचं होतं ना."

ती बघत राहिली. मी चेहरे वाचत नाही, हात वाचते. तिचा उजवा हात उठला. बोट वरच्या दातांवरून हळूहळू डावीकडे गेलं आणि त्या रेललेल्या दातावर थांबलं. तिथेच राहिलं. तेवढा वेळ सगळं बरोबर होतं. हे मी कुणाच्याही समोर शपथेवर सांगेन.

मग बहीण किंचाळली. "ताई, हे काय आहे? काय आहे हे?"

"आईंचा जबडा," मी म्हणाले. "अगदी खरा. मापावरून केलेला."

मामा उठून उभे राहिले. "माप? माप कधी घेतलं?"

माझी चूक झाली असेल तर ती इथे झाली. मला अर्ध्यातून सांगता येत नाही. चार वर्षांपूर्वी, एवढे दोन शब्द पुरले असते. पण मी सुरुवातीपासून सुरुवात केली. "आधी एक लगदा कालवतात. तो ट्रेमध्ये भरून तोंडात दाबून धरायचा, दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात माणसाने अजिबात हलायचं नसतं—"

"हलायचं नसतं!" मामा ओरडले. "ऐकलंत? दवाखान्यात जाऊन हे धंदे केले हिने! मेलेल्या माणसाच्या तोंडात... अरे, कोण आहे ही? कुणी घेतलं हिला आत?"

एकाच वेळी सगळी तोंडं सुटली. एक बाई रडायला लागली, कुणीतरी फोटोसमोर जाऊन हात जोडून उभं राहिलं, बहीण "ते उचला, आधी ते उचला" असं ओरडत होती आणि उचलायला कुणीच पुढे येत नव्हतं. माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली. मी रंगारीणकडे वळले. तिला तर माहीत होतं. ती अकरा वर्षं या धंद्यात आहे, तिच्यासमोर माप घेतलं होतं, एका वाक्यात ती सगळं थांबवू शकली असती.

"सांग ना यांना," मी म्हणाले.

"जा तू," ती म्हणाली.

"तुला नको का हे?"

"जा म्हटलं ना! चालती हो इथून!"

मी दाराबाहेर बसून बूट घातले. नाड्या बांधायला मला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आतलं सगळं ऐकू आलं. "अर्धवट आहे गं ती, ताईनेच लाडावून ठेवलीय," बहीण कुणाला तरी सांगत होती. रंगारीण त्यावर काय म्हणते ते ऐकायला मी डावी नाडी सोडून परत बांधली. ती काही म्हणाली नाही.

घरी आल्यावर दादाने कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण! काय गरज होती?"

"तिने मागितलं होतं."

"मागितलं म्हणजे तसं मागितलं नव्हतं!"

"मग कसं मागितलं होतं?"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "अगं, ते... माणूस दुःखात बोलतो काहीतरी." काहीतरी म्हणजे काय? कुठलं खरं धरायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, याची यादी असते का कुठे? सगळ्यांना माहीत असतं, सांगता एकालाही येत नाही, आणि नापास मात्र मी. माझ्यासारख्या बाईने 'मला पाणी हवं' म्हटलं तर तिला पाणीच हवं असतं. आम्हाला म्हणे दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही. त्या खोलीत बारा माणसं होती. माझ्या मनातलं त्यातल्या किती जणांना कळलं? त्यांना कुणी कागद दिला नाही.

रंगारीण दोन आठवड्यांनी कामावर आली. सर तिच्याशी हळू आवाजात बोलले, चुन्याने तिचं स्टूल पुसून दिलं. एक वाजला. मी डबा उघडला. ती उठली आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

पहिल्या दिवशी मला वाटलं, सर बोलावतात म्हणून गेली असेल. दुसऱ्या दिवशी तसं वाटणं बंद केलं. समोरची खुर्ची मी सरकवली नाही. अर्धा तास किती मोठा असतो हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. अंडी दोन मिनिटांत संपतात, काकडी चार. उरलेला वेळ मी मेणाच्या कपाटाचं हँडल बघायचे. नवव्या दिवशी मी वहिनीला सांगितलं की मला माफी मागायला शिकव.

तिने मनापासून शिकवलं. भांडी घासता घासता ती रंगारीण झाली आणि मी मी. तीन वाक्यं होती. माझं चुकलं. मला कळायला हवं होतं. परत असं होणार नाही. "मग ती म्हणेल, 'जाऊ दे गं.' की झालं. पुढे एक शब्द बोलायचा नाही," वहिनी म्हणाली. "ती जे विचारेल त्याला 'हो' म्हणायचं. करशील एवढं?" चाळीस वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून. शेवटी दादा आतून ओरडला, "अरे, मी माफ केलं, आता झोपा!"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला रंगारीण बेसिनवर ब्रश धूत होती. बाकीचे निघाले होते. मी तिच्या बाजूला उभी राहून तीनही वाक्यं म्हटली. तिने नळ बंद केला.

"वहिनीने शिकवलं?"

"हो."

ती हसल्यासारखी झाली. तेवढ्यानेच माझ्या हातापायांत जीव आला. "शिकवलेलं राहू दे," ती म्हणाली. "तू मला सांग. तुझं चुकलं असं तुला वाटतं का?"

एक अक्षर म्हणायचं होतं. हो. वहिनीने चाळीस वेळा घोटून घेतलेलं. ते म्हटलं असतं की उद्या एक वाजता ती समोरच्या खुर्चीवर. मला हे माहीत होतं. मला काही कळत नाही असं समजू नका, मला सगळं माहीत होतं. पण ती माझ्यासमोर बसायची ती मी खोटं बोलत नाही म्हणून. आणि आता परत बसावी म्हणून मी खोटं बोलायचं?

"नाही," मी म्हणाले. "तू तोंड मागितलंस, मी आणून दिलं. ओरडले ते लोक. आणि तुझं बोट डाव्या दातावर थांबलं होतं. मी बघितलं."

ती बेसिनच्या कडेला टेकली. ब्रशातून पाणी तिच्या चपलेवर गळत होतं.

"थांबलं होतं," ती म्हणाली. "खरंय. तीच होती ती. तुझ्याइतकं बरोबर कुणीच केलं नसतं." मग तिचा आवाज बदलला. "पण आता मी डोळे मिटते ना, तर आई दिसत नाही. ते दिसतं. माझ्या मांडीवर, पांढरं, गार. तिचा आवाज आठवायला जावं तर ते दात मिटलेले. तू आईचं तोंड दिलंस आणि आई घेऊन गेलीस."

"मी घेऊन नाही गेले. ते तुमच्या घरीच राहिलं."

"तेच," ती म्हणाली. "हेच ते. अगं, तुझा दोष नाही. मामांना मी सांगितलं सगळं, माप कधीचं, साचा कशासाठी, सगळं. त्यांना पटलं. मलाही पटतं. पण पटून उपयोग होत नाही. तू समोर बसलीस की मला ते दिसतं. घास उतरत नाही."

"किती दिवस दिसेल?"

"काय?"

"किती दिवस दिसेल ते? म्हणजे मी तेवढे दिवस—"

"मला काय माहीत!" ती ओरडली. मग नळ सोडला, परत बंद केला. "नको ना असं विचारूस," ती म्हणाली आणि ब्रश तसेच ओले टाकून निघून गेली.

मी ते वाळत घातले. रंग धरलेले ब्रश आडवे ठेवले तर केस वाकतात.

नंतरचे चार दिवस मी तिच्या वाक्यावर काम केलं. मला वाक्यांवर काम करावं लागतं, तुमचं आपोआप होत असेल. तू समोर बसलीस की, असं ती म्हणाली होती. समोर. आमच्या छोट्या टेबलाला दोनच खुर्च्या आहेत, एकमेकींसमोर. मोठ्या टेबलाला सहा आहेत, तीन-तीन.

पाचव्या दिवशी एक वाजता मी डबा घेऊन खिडकीजवळ गेले.

"अरे बापरे! या, या!" घोट्या म्हणाला. "आज सूर्य कुठून उगवला? सर, सुट्टी जाहीर करा."

रंगारीणने मान वर केली नाही. मी तिच्या समोर बसले नाही. तिच्याच बाजूला, मध्ये एक खुर्ची सोडून, शेवटच्या खुर्चीवर बसले. तिथे बसलं की तिला समोरचे सर आणि चुना दिसतात. मी दिसत नाही, मुद्दाम वळून बघितलं तरच दिसते. ती वळली नाही. पण उठलीही नाही.

तेव्हापासून मी रोज तिथे बसते. चारही तोंडं एकदम चालतात. घोट्या चमचा डब्यावर वाजवत बोलतो, सर तोंडात घास घेऊन फोनवर "उद्या नक्की" म्हणतात, खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न येतात. दीड वाजता मी बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं कान दाबून उभी राहते आणि मग कामाला बसते. पहिले काही दिवस मी गप्प होते. पण त्या टेबलावर गप्प बसणं म्हणजे रुसणं असतं. चुना विचारायचा, "काय गं, रागावलीस का?" आणि सगळे माझ्याकडे बघायचे, म्हणजे तीही वळून बघेल अशी भीती. म्हणून मी हसायला शिकले. कधी हसायचं ते मला विनोदावरून कळत नाही. सरांचे खांदे हलले की हसायचं, आणि ते थांबायच्या जरा आधी थांबायचं.

काल घोट्या एका पेशंटची गोष्ट सांगत होता. त्याने कवळी खिशात ठेवली आणि तिच्यावरच बसला. "साहेब, मला माझाच दात चावला!" घोट्याने उभं राहून, पाठीमागे हात लावून करून दाखवलं. सरांचे खांदे हलले. मी हसले. मोठ्याने हसले.

रंगारीणने चमचा खाली ठेवला. समोर बघतच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तू नको हसूस."

बेसिनवरच्या त्या संध्याकाळनंतरच्या अकरा आठवड्यांतलं तिचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. ते काकुळतीने होतं की वैतागून, मला आवाजावरून कळत नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर द्यायला ती वळली असती.

मी हसणं थांबवलं. चुना अजून डोळे पुसत होता. बाजूला चमचा डब्याला लागल्याचा आवाज झाला. तिने पुढचा घास घेतला होता. मी समोर बघत बसले आणि तो उतरेपर्यंत मान वळवली नाही.